स्पेलिंग चुकलेलं नाणं

माझ्या काकांना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. "थापाड्या आहे का घरात?" असं लोक दारात उभं राहून खुशाल विचारतात आणि आतून काकाच ओरडतात, "नाही, राजाकडे जेवायला गेलाय!" त्यांना या नावाचा राग येत नाही. मला येतो. थापाड्या म्हणायचा हक्क घरच्यांचा. दूधवाल्यानं कशाला म्हणावं?

काकांनी जन्मभर खोदाईचं यंत्र चालवलं. पाण्याचे पाइप, गटारं, इमारतींचे पाये, जिथं म्हणून जमिनीला भोक पाडायचं असेल तिथं काका हजर. दिवसभर त्या पिवळ्या केबिनमध्ये एकटं बसायचं, दांडे पुढेमागे करायचे आणि माती उपसायची. बोलायला चिटपाखरू नाही. त्यामुळे घरी आले की साठलेलं सगळं एकदम बाहेर यायचं आणि येताना वाढून यायचं. सकाळी सापडलेलं कुत्र्याचं हाड संध्याकाळी लांडग्याचं व्हायचं आणि आठवडा संपेपर्यंत हत्तीचं. आम्ही पोरं आ वासून ऐकायचो. मोठी माणसं गालातल्या गालात हसायची.

काकू अगदी उलट. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. औषधांची लेबलं, शाळेची पुस्तकं, माहितीपत्रकं, जे काही छापलं जातं ते आधी तिच्या लाल पेनाखालून जातं. ही सवय ती घरीही घेऊन येते. लग्नाची पत्रिका आली की आधी ती तपासते, मग लग्न कुणाचं आहे ते बघते. एकदा तिनं आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत वेलांटी दुरुस्त केली होती आणि औषधवाल्यानं ते नवीन औषध समजून मला भलतंच सिरप दिलं होतं. काकांच्या गोष्टींचंही ती तेच करायची. काकांनी हत्ती आणला की काकू भाजी चिरता चिरता म्हणायची, "कुत्रा." बास. एवढंच, एका शब्दात. आणि काका मान्य करायचे, कारण शब्दांच्या बाबतीत काकू म्हणेल ते ब्रह्मवाक्य, असं आमच्या घरात ठरूनच गेलेलं होतं.

नाण्याचंही असंच झालं.

माझे दुधाचे दात पडत होते त्या काळातली गोष्ट. काका कामावरून एक पिवळं नाणं घेऊन आले. शर्टाच्या बटणाहून मोठं, कोटाच्या बटणाहून लहान. एका बाजूला डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला माणूस, दुसऱ्या बाजूला दोन उभे तरुण, मध्ये ढाली आणि भाले. कडेनं इंग्रजी अक्षरं. मी खेळून घरात शिरले तोवर पहिलं बोलणं होऊन गेलं होतं आणि काकू आपलं भिंग लावून बसली होती. बरीच अक्षरं तिला लागली नाहीत, पण एक शब्द लागला.

"ऑगस्टस लिहायचं होतं बिचाऱ्याला," ती म्हणाली. "यूच्या जागी व्ही टाकलाय. ए, व्ही, जी, व्ही, एस, टी, व्ही, एस. एकदा चुकला असता तर छपाईची चूक म्हटलं असतं. तीनदा चुकलाय म्हणजे येतच नव्हतं. नकली आहे. जत्रेबित्रेत विकायला केलं असेल कुणी."

काकांचा चेहरा पडला तो मला अजून आठवतो. भिंग गेलं खणात, नाणं गेलं बटणांच्या डब्यात आणि निकाल कायम झाला.

मग नाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. एकदा ते पत्त्यांत हरलेल्या म्हाताऱ्या खलाशानं दिलेलं असायचं. एकदा वीज पडलेल्या झाडाच्या बुंध्यातून निघालेलं. सगळ्यांची लाडकी गोष्ट बेडकाची: चरातल्या पाण्यात एक बेडूक बसला होता, त्याचं पोट टम्म फुगलं होतं, काकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्यानं ढेकर देऊन नाणं बाहेर टाकलं. पाहुणे आले की लोक मुद्दाम म्हणायचे, "ती बेडकाची सांगा हो." काका ढेकरासकट सांगायचे. स्पेलिंग चुकलेल्या नाण्याचा मालक म्हणून ते गल्लीभर प्रसिद्ध झाले, आणि थापाड्या हे नाव त्यांना कायमचं चिकटलं ते त्या बेडकामुळेच.

आता गेल्या रविवारी काय झालं ते सांगते, आणि मला अजून धाप लागलेली आहे, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

छापखान्यात वस्तुसंग्रहालयाचं माहितीपत्रक छापायला घेतलंय. त्याचं शेवटचं मुद्रित त्यांच्या कचेरीत दाखवून सही आणायची होती. रविवार असला तरी काम तातडीचं, म्हणून काकूनं मला स्कूटर काढायला लावली. संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर इतकी वर्षं एक भला मोठा जाहिरातीचा फलक होता. तो नुकताच उतरवून मागचा दगड घासूनपुसून काढला होता, आणि दारावर खोलवर कोरलेली मोठी अक्षरं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मी हेल्मेट काढतेय तोवर काकूच्या कपाळावर आठी चढली.

"बघ," ती म्हणाली. "एम, व्ही, एस, ई, व्ही, एम. म्युझियमसुद्धा नीट लिहिता येत नाही, आणि मी यांची माहितीपत्रकं तपासते."

तिकिटाच्या खिडकीत एक जाडगेला माणूस शेंगदाणे खात बसला होता. काकूनं मुद्रिताचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि फटकारलंच. "तुमच्या दारावर चूक आहे. एकदा नाही, दोनदा. दगडात कोरण्याआधी कुणाला दाखवायची पद्धत नाही का?"

तो मुळीच दचकला नाही. "फलक काढल्यापासून रोज कुणीतरी येतंच हे सांगायला. अहो बाई, चूक नाहीये ती. जुन्या रोमन धाटणीनं कोरलंय. रोमन लोकांकडे यू नव्हताच. तिथं ते व्हीच कोरायचे. आत बघा ना, सगळ्या रोमन दगडांवर तसंच आहे."

"कुठलं अक्षर नव्हतं?" काकूनं विचारलं.

"यू."

"कधीच?"

"आता मी काही तेव्हा नव्हतो," तो शेंगदाणे तोंडात टाकत म्हणाला, "पण आमच्या नाणीवाल्या बाई तसं सांगतात."

काकूचे ओठ हलत होते. ती अक्षरं मोजत होती. मला अजून काही उमगलं नव्हतं, सावलीला उभं राहावं की बाहेर आइस्क्रीम मिळतं का बघावं, मी आपली या विचारात होते. तेवढ्यात तिनं माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं.

"गाडी काढ."

"अगं, सही राहिली."

"सही गेली खड्ड्यात. गाडी काढ!"

काकूच्या तोंडून 'खड्ड्यात' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ए, व्ही, जी, व्ही. मी किल्ली उलटी लावली, मग सुलटी लावली, आणि आम्ही निघालो. सिग्नल हिरवा होता की लाल, मला विचारू नका.

घरी आल्या आल्या काकूनं बटणांचा डबा पलंगावर उपडा केला. पांढरी बटणं, काळी बटणं, मोडक्या हुकांचा गुंता, एका पट्ट्याचं बक्कल. नाणं नाही. पुन्हा चाळलं. नाही. तिनं पलंगाखाली हात घातला, मी चादर झटकली. काकू मटकन खाली बसली. "टाकलं की काय त्यांनी? मीच म्हटलं होतं, त्या कचऱ्याला कशाला जागा देता."

"काका कुठायत?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे, आज सामना नाही का…" आणि तिनं तोंडावर हात नेला.

काका निवृत्त झाल्यापासून रविवारी मैदानावर फुटबॉलचे पंच असतात. बेकरीवाले विरुद्ध गॅरेजवाले, रंगारी विरुद्ध पोस्टवाले, सगळी पोट सुटलेली मंडळी. सुरुवातीला नाणेफेक करावी लागते. आणि काका कुठलं नाणं उडवतात हे सगळ्या मैदानाला माहीत होतं. फक्त आम्हीच कधी बघायला गेलो नव्हतो.

आम्ही मैदानाच्या फाटकातून शिरलो तेव्हा दोन्ही कप्तान मध्यभागी उभे होते, काकांनी शिट्टी ओठांत धरली होती आणि अंगठ्यावर काहीतरी ठेवलं होतं. "थांबा!" काकू किंचाळली. छापखान्यात कुजबुजत बोलणारी बाई ती. अख्खं मैदान वळलं. काकाही वळले, पण अंगठा सुटला होता. नाणं वर गेलं. उन्हात ते असं लखलखलं की मला वाटलं, आम्ही इतकी वर्षं आंधळे होतो की काय! पितळ कधी असं दिसतं?

आणि ते पडलं चिखलात. आदल्या दिवशी मैदानावर पाणी मारलं होतं.

"कुणीही पाय उचलायचा नाही!" काकू ओरडली. दोन संघ, दोन कप्तान, एक पंच, सगळे पुतळ्यासारखे उभे. मग एकेक जण जागच्या जागी वाकून गवत चाचपू लागला. गॅरेजवाल्यांचा गोलकीपर गुडघ्यांवर रांगत आला. बेकरीवाल्याला एक बाटलीचं बूच सापडलं आणि त्यानं एवढ्या आनंदानं आरोळी ठोकली की मी त्याला मारणारच होते. शेवटी सापडलं काकांनाच. जन्मभर मातीत बघितलेला माणूस. दोन पावलं टाकली, वाकले, चिखलात बोट घातलं आणि काढलं.

"छापा," काका म्हणाले. "गॅरेजवाले जिंकले. आता सांग, कोण मेलं?"

"कुणी नाही. चला," एवढंच काकू म्हणाली. नाणं रुमालात, रुमाल मुठीत. तिघांना स्कूटर पुरेना, तेव्हा बेकरीवाल्यानं स्वतःच्या पावाच्या गाडीची किल्ली काढली आणि चालवायला पुढं बसला. सामन्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. मागं पावाच्या रिकाम्या क्रेटवर आम्ही तिघं बसलो, कपडे पिठानं पांढरे, आणि गाडी संग्रहालयाकडे निघाली.

कुठं जातोय ते कळल्यावर काका एकदम उठायलाच लागले. "नको. गाडी थांबवा. मला नाही दाखवायचं कुणाला."

"काका, सोनं असेल ते!" मी म्हणाले. "इतक्या वर्षांत साधं सोनाराकडे का नेलं नाहीत? मला हे कोडं कधी सुटलंच नाही."

काका पुन्हा क्रेटवर टेकले. "सोनारानं पितळ म्हटलं असतं तर? घरात एकदा नकली ठरलं होतंच. आणखी एकाकडून कशाला ऐकून घ्यायचं? आणि सोनार सोनं म्हणाला असता, तरी काय? मला सोनाराकडून ऐकायचं नव्हतं."

कुणाकडून ऐकायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण गाडीत मागं आम्ही तिघंच होतो आणि त्यांतली मी तर हिशेबातच नव्हते.

काकूनं मूठ उघडली. "अहो," ती म्हणाली, "स्पेलिंग बरोबर आहे."

"काय?"

"नाण्याचं स्पेलिंग. बरोबर आहे. तिन्ही व्ही बरोबर आहेत."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग खिडकीबाहेर बघायला लागले. पावाच्या गाडीला मागं खिडकी नसते, पण ते तिकडे बघत होते.

नाणीवाल्या बाई दुपारचा चहा थंड करून बसल्या होत्या. बारकुडी मूर्ती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, टेबलावर हिरवं कापड, शेजारी छोटा काटा आणि दिवा. भिंतभर सपाट खण. आमचा अवतार बघून त्यांना वाटलं असणार की बेकरीला आग लागली. काकूनं रुमाल उलगडला. बाई आधी जरा कंटाळल्या चेहऱ्यानं बघत होत्या. "असं बघा, माझ्याकडे अशी पुष्कळ येतात," त्या म्हणाल्या. "सोनं असलं तरी पुरत नाही. सोन्याचीही नकली नाणी करतात लोक."

बाईंनी मऊ ब्रशनं, थेंबभर पाण्यानं चिखल काढला. वजन केलं. काट्याकडे बघितलं, मग पुन्हा केलं. नाणं कडेनं धरून दिव्याखाली सावकाश फिरवलं. आमच्याशी नाही, नाण्याशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. "ओतलेलं नाही. ओतलं असतं तर बारीक छिद्रं दिसली असती, कडेला जोड दिसला असता. हे ठोकलेलं आहे. हातानं. म्हणून चेहरा मधोमध नाही, जरा सरकलाय. बघा, अक्षरांपाशी सोनं कसं बाहेर पसरलंय, घाव बसला की असं होतं." मग त्यांनी उलटं केलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हे दोघं."

"गोलकीपर," काका हळूच म्हणाले. "मी त्यांना गोलकीपर म्हणतो."

बाई हसल्या नाहीत, कारण त्या खणाकडे धावल्या होत्या. एक जाडजूड पुस्तक आलं, पानं फडफडली, एका चित्राशेजारी नाणं ठेवलं गेलं. मला भिंग लावून बघावं लागलं नाही. त्याच ढाली, तेच भाले, तेच दोघं. "सम्राट ऑगस्टसचे नातू. त्यानं दत्तक घेतलेले. आपल्या मागं राज्य यांच्या हाती जावं म्हणून त्यांना नाण्यावर आणलं, आणि दोघंही त्याच्याआधी गेले." बाई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. "लेखी शिक्कामोर्तब व्हायला वेळ लागेल, इतरांनाही दाखवावं लागेल. पण मला विचाराल तर खरं आहे. दोन हजार वर्षांचं आहे. आणि तुम्ही हे ठेवलं कुठं होतं?"

"बटणांत," काकू म्हणाली.

"आणि रविवारी उडवायचो," काका म्हणाले. बाईंनी टेबलाचा आधार घेतला.

मी नाचले. खरंच नाचले, त्या टेबलाभोवती, पिठाचे ठसे उमटवत. खिडकीतला शेंगदाणेवाला दारात येऊन उभा होता, त्याला मिठी मारली. काकांचे खांदे धरून गदागदा हलवले. ते मात्र हसत होते की नाही तेच कळत नव्हतं.

मग बाईंनी कोरा कागद घेतला आणि गंभीर झाल्या. "आता महत्त्वाचं. हे सापडलं कुठं? नीट आठवून सांगा. जागा पक्की असेल तर तिथं अजून खूप काही कळेल. जागा चुकली तर हे नुसतं एक सुंदर नाणं. तुमच्या शब्दावर आम्ही खणायला जाणार आहोत."

माझं नाचणं थांबलं. तुमच्या शब्दावर! देवा, आता बेडूक नको, मी मनात म्हणाले. आता खलाशी नको. काकांनी घसा खाकरला, आणि मी डोळे मिटून घेतले.

"जुना दवाखाना आहे ना, त्याच्या मागच्या अंगाला पाइपाचा चर खणत होतो," काका म्हणाले. "पाण्याच्या टाकीकडच्या टोकाला. वरची काळी माती संपून पिवळी लागली, तिथं. यंत्राच्या बकेटच्या दाताला चिकटून वर आलं. मी यंत्र बंद केलं, उतरलो, अंगठ्यानं पुसलं. मग डबा खाल्ला."

संपलं. एवढंच. बाई लिहीत होत्या. मी डोळे उघडले ते काकूच्या आवाजानं.

"तुम्ही त्या दिवशीही हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "दवाखाना. पिवळी माती. बकेटचा दात. दारात उभं राहून हेच सांगितलं होतं तुम्ही. शब्द न् शब्द."

"हो."

"मग तो बेडूक?"

काका कसनुसे हसले. "खरं कुणी घेईना गं. बेडूक मात्र सगळ्यांनी घेतला."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतकी वर्षं आम्ही त्या ढेकराला हसत आलो, मी सगळ्यांत मोठ्यानं, आणि या माणसाला थापाड्या म्हणायचा हक्क कुणाचा यावर दूधवाल्याशी भांडत आले. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

काकू उठली. चिखलानं माखलेला, पिठानं पांढरा झालेला काकांचा हात तिनं सगळ्यांदेखत हातात घेतला. आमच्या घरात हे कुणी कधी बघितलेलं नाही. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. सकाळी घरातून निघालात तिथून."

"आत्ता? अगं, यांची बंद करायची वेळ झाली."

"सांगा."

बाईंनी दारातल्या माणसाला हातानंच थांबवलं. आणि काकांनी सांगितलं. त्या दिवशी यंत्र लवकर चालू होत नव्हतं. चराच्या कडेला पाणी साचलं होतं. काळी माती ओली होती, पिवळी कोरडी होती, नाणं आधी त्यांना लिमलेटच्या गोळीचा कागद वाटला होता. कुठं काही वाढवलं नाही, कुठं आवाज चढवला नाही. सांगून झालं, तरी त्यांनी पुस्तकाकडे बघितलं नाही, बाईंकडेही नाही. ते काकूकडे बघत उभे राहिले.

"खरं आहे," काकू म्हणाली.